चौथीतलं न्हाण

स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या बालरोगतज्ज्ञांपुढे 1980च्या दशकात एक वेगळाच प्रश्न येऊ लागला. प्रश्न होता भारतातून दत्तक गेलेल्या मुलींचा. आल्या तेव्हा बहुतेकजणी हडकुळ्या, वयाच्या मानानं बुटक्या, आजारांनी पोखरलेल्या. नव्या घरी पोटभर खायला मिळालं, औषधपाणी झालं आणि पोरींनी अंग धरलं. उंची भराभर वाढली, आईबाप खूश झाले. मग याच आईबापांच्या ध्यानात येऊ लागलं की शेजारची त्याच वयाची स्वीडिश मुलगी अजून झाडावर चढून बसते आहे आणि आपल्या मुलीला पाळी आली आहे.

लेम प्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 107 मुलींच्या नोंदी तपासून 1991 मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या पाळीचं मध्यक वय निघालं 11.6 वर्षं. त्या वेळी स्वीडिश मुलींचं वय तेराच्या आसपास होतं आणि भारतातल्या खात्यापित्या घरच्या मुलींचंही बाराच्या पुढेच. या 107 जणींतली सगळ्यात लहान मुलगी सव्वासात वर्षांची होती. जी मुलगी जितक्या वेगानं भरून आली, तितकी ती लवकर वयात आली. आता, अनाथालयाच्या पायरीवर सापडलेल्या पोरीची जन्मतारीख कोण छातीठोकपणे सांगणार, ही शंका रास्तच आहे. पण पुढे डेन्मार्कच्या संशोधकांनी देशभरच्या नोंदी चाळल्या. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की परदेशातून दत्तक आलेल्या मुलांत अकाली वयात येण्याचा धोका तिथल्या मुलांच्या 15 ते 20 पट होता. त्याच देशात आपल्या आईवडिलांबरोबर स्थलांतर करून आलेल्या परदेशी मुलांत मात्र तो किंचितच वाढलेला दिसला. म्हणजे वंशाकडे बोट दाखवता येत नाही आणि डेन्मार्कच्या हवापाण्याकडेही नाही. उरते ती टंचाईतून सुबत्तेत एका झटक्यात मारलेली उडी, आणि त्याआधी सोसलेले हाल.

मला हा अभ्यास आपल्याकडच्या कुठल्याही आकडेवारीपेक्षा बोलका वाटतो. कारण तेच विमान महाराष्ट्रातल्या लाखो घरांनी पकडलं आहे, फक्त प्रवासाला दोन पिढ्या लागल्या. 1972च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढलेली आजी, रेशनचा गहू खाऊन शिकलेली आई आणि डब्यात चीज सँडविच नेणारी नात एकाच फ्लॅटमध्ये राहतात. आजीला चौदाव्या-पंधराव्या वर्षी न्हाण आलं होतं. नात चौथीत आहे, आणि आंघोळ घालताना आजीच्याच हाताला तिच्या छातीतली गाठ लागली.

*

ही गाठ कॅन्सरची नसते, हे बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या दवाखान्यात दिवसातून अनेकदा सांगावं लागतं. पुण्यातल्या अशा एका दवाखान्यात मी काही काळ बसले होते. प्रतीक्षाकक्षात आया जास्त, बाप कमी. आलेले बाप मोबाइलमध्ये मान घालून. डॉक्टरांच्या टेबलावर एक लाकडी मण्यांची माळ असते: एका टोकाला वाटाण्याएवढा मणी, दुसऱ्या टोकाला लहान अंड्याएवढा. ती मुलग्यांसाठी, वृषणांचं आकारमान हातानं पडताळायला. मुलींना अशी माळ नाही. तिथे ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांच्या पाच पायऱ्या वापरतात. टॅनर आणि मार्शल यांनी इंग्लंडमधल्या हार्पेंडनच्या बालगृहातल्या 192 मुलींचे वर्षानुवर्षं फोटो काढून 1969 मध्ये त्या पक्क्या केल्या. बालगृहातल्या, म्हणजे घर नसलेल्या मुली. जगभरच्या मुलींचं वयात येणं आपण आजही त्यांच्या मापानं मोजतो.

खुर्चीवर बसलेली मुलगी पावणेनऊ वर्षांची होती. आईचा पहिला प्रश्न मी त्या दिवशी कितीदा तरी ऐकला.

“मॅडम, दुधामुळे होत असेल का हो? आमचा गवळी म्हशीला इंजेक्शन देतो म्हणे.”

“किती दूध पिते ही?”

“पीतच नाही. नाक मुरडते.”

डॉक्टर हसल्या, पण प्रश्न टाळला नाही. पान्हा सुटायला गोठ्यात जे इंजेक्शन टोचतात ते ऑक्सिटोसिनचं. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचून जाते, आणि स्तन वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनशी तिचा काही संबंध नाही. म्हशीच्या दृष्टीनं ते इंजेक्शन वाईटच आहे, पण या गुन्ह्यात ते निर्दोष आहे. तीच गत ब्रॉयलर कोंबडीची. सहा आठवड्यांत दोन किलोची होते म्हणजे हार्मोन टोचत असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात हा वेग अनेक दशकांच्या निवड पैदाशीचा आणि खाद्याचा आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेका कोंबडीला धरून रोज टोचत बसणं कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. प्रतिजैविकांबद्दल त्याला जरूर जाब विचारावा, हार्मोनबद्दल नको.

दूध आणि चिकन सुटले की आरोपीच्या पिंजऱ्यात आई येते. “तुला केव्हा आली होती गं?” हा सासूबाईंचा प्रश्न खरं तर शास्त्राला धरूनच आहे, कारण मुलीची पाळी केव्हा येणार याचा बऱ्यापैकी अंदाज आईच्या वयावरून बांधता येतो. पण 2013 मध्ये बॉस्टन आणि साओ पावलोच्या संशोधकांनी अकाली वयात येणाऱ्या काही कुटुंबांमध्ये एमकेआरएन3 नावाच्या जनुकात दोष शोधला. या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रतच तेवढी काम करते, त्यामुळे हा दोष मुलीत उतरतो तो बापाकडूनच. ही माहिती आपल्याकडच्या काही घरांत लॅमिनेट करून लावायला हरकत नाही.

*

वयात येण्याची सुरुवात ना छातीत होते ना गर्भाशयात. ती होते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात. जन्मानंतरचे काही महिने तो जागा असतो, म्हणून तान्ह्या मुलींच्याही छातीत कधी कधी फुगवटा दिसतो. मग तो अनेक वर्षं गप्प बसतो. आणि कधीतरी, आधी फक्त रात्री झोपेत, एक संप्रेरक ठरावीक अंतरानं थोडं थोडं सोडू लागतो. त्या इशाऱ्यावर पिट्युइटरी ग्रंथी कामाला लागते, तिच्या इशाऱ्यावर बीजकोश, आणि बीजकोशातलं इस्ट्रोजेन मग छाती, कंबर, हाडं, गर्भाशय या साऱ्यांना हलवतं. एर्न्स्ट नोबिल यांनी पिट्सबर्गमध्ये माकडिणींवर प्रयोग करून 1970च्या दशकात एक विलक्षण गोष्ट दाखवली. हे संप्रेरक तासाला एकदा, ठोक्या-ठोक्यानं मिळालं तरच पुढची साखळी चालते. तेच सलग दिलं तर साखळी बंद पडते. अकाली वयात येणाऱ्या मुलींना आज जे इंजेक्शन देतात ते याच नियमावर चालतं.

पण गप्प बसलेल्याला जागं कोण करतं? 2003 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांना एकाच सुमारास एक दुवा सापडला: किसपेप्टिन. याचं जनुक आधी कर्करोगाच्या संशोधनात, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडलं होतं आणि गावच्या प्रसिद्ध ‘किसेस’ चॉकलेटवरून त्याचं बारसं झालं होतं. किसपेप्टिन सोडणाऱ्या पेशींना शरीराची बरीच खबरबात पोहोचत असते. त्यातली सगळ्यात जोरकस खबर चरबीची.

हार्वर्डच्या रोझ फ्रिश यांनी 1970 मध्येच म्हटलं होतं की मुलीचं वजन एका टप्प्याला, साधारण 47-48 किलोंना, पोहोचलं की पाळी येते. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, आणि किलोचा नेमका आकडा टिकलाही नाही. पण 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीच्या पेशींतून निघणारं लेप्टिन शोधलं आणि फ्रिशबाईंच्या म्हणण्याला आधार मिळाला. लेप्टिन मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे. गर्भ वाढवायला आणि बाळाला पाजायला लागणारी शिदोरी अंगावर आहे, असा त्याचा अर्थ. लेप्टिन नसेल तर वयात येणं रखडतं. ते भरपूर असलं म्हणून तेवढ्यानं सुरू होतंच असं नाही.

मग लठ्ठ मुली लवकर वयात येतात, एवढंच ना? अमेरिकेत बव्हंशी तसं दिसतं. पण आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या मुलींचं काय? इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवावं लागतं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. त्यात स्वतः याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटानं गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, त्यात हा फरक जन्मापासूनच असल्याचं दिसलं: आपली बाळं सुमारे 2.7 किलोंची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं शाबूत. वजनकाट्यावर हडकुळी, आतून चरबीयुक्त. ब्रिस्टलच्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात असंही आढळलं की तान्हेपणी वेगानं वजन वाढलेल्या मुलींना पाळी लवकर येते. कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याला गुटगुटीत करण्याची आपल्याकडे घरादाराला जी घाई होते, ती या दोन निष्कर्षांच्या मधोमध उभी आहे. पुण्याच्या अभ्यासाचा रोख मधुमेहाकडे होता, वयात येण्याकडे नव्हे. दोन्हींची सांगड मी घालते आहे. पण उप्सालाच्या मुलींपर्यंत जाणारी वाट मला इथूनच दिसते.

*

आकडे काय म्हणतात? अमेरिकेत मार्शा हर्मन-गिडन्स यांनी 17,077 मुलींची पाहणी 1997 मध्ये छापली, तेव्हा डॉक्टरांचा विश्वास बसेना: स्तनवाढीचं सरासरी वय गोऱ्या मुलींत दहाच्या आत आणि कृष्णवर्णीय मुलींत नऊच्याही आत आलं होतं. कोपनहेगनमध्ये 1991 ते 2006 या पंधरा वर्षांत ते 10.88 वरून 9.86 वर आलं. 2020 मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा 1977 पासून दर दशकाला साधारण तीन महिन्यांची घसरण दिसली.

आणि पाळी? गंमत इथेच आहे. कोपनहेगनमध्ये त्याच पंधरा वर्षांत पाळीचं वय जेमतेम साडेतीन महिन्यांनी खाली आलं. भारतात 1955 ते 1964 दरम्यान जन्मलेल्या बायकांत ते 13.83 होतं, 1985 ते 1989 मध्ये जन्मलेल्यांत 13.62. म्हणजे मुली लवकर निघतात पण पोहोचतात जवळपास पूर्वीच्याच वेळेला. मधला रस्ता तेवढा लांबला आहे. छाती दिसू लागण्यापासून पाळी येण्यापर्यंतची ती अडनिडी, अवघडलेली वर्षं वाढली. हे सगळं मेंदूच्या इशाऱ्यानंच घडत असतं तर दोन्ही वयं सारखीच खाली यायला हवी होती. काही इस्ट्रोजेनसदृश परिणाम बाहेरून येत असावेत, हा संशय इथूनच बळावला.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर बायका गरोदर असतानाच त्यांच्या लघवीचे नमुने घेऊन ठेवले होते. त्यांची 338 मुलं वयात येईपर्यंत बर्कलीच्या संशोधकांनी पाठपुरावा केला. सुगंधी प्रसाधनांतलं डायइथाइल थॅलेट आणि साबण-टूथपेस्टमध्ये वापरलं जाणारं ट्रायक्लोसान ज्या आयांच्या शरीरात जास्त होतं, त्यांच्या मुली काही महिने लवकर वयात आल्या. फरक महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असंही नाही. तरीही दवाखान्यातल्या त्या आईला डॉक्टरांनी लेकीसाठी लहान मुलांचा मेकअप किट घेऊ नका आणि गरम वरण प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, हे सांगितलंच. स्वस्तातली खबरदारी आहे, घ्यायला काय जातं?

आपण फार पुढे गेलो आहोत असंही समजू नये. सुश्रुतसंहितेत आर्तव बाराव्या वर्षी सुरू होतं आणि पन्नाशीला थांबतं असं म्हटलं आहे. 1891 मध्ये कायद्यानं संमतिवय दहावरून बारावर नेताना पुण्यात रण माजलं, ‘केसरी’तून टिळक विरोधात आणि ‘सुधारका’तून आगरकर बाजूनं. तेव्हा विरोधकांचा एक मुद्दाच असा होता की बाराच्या आत ऋतू प्राप्त झाला तर गर्भाधानाचा विधी लांबेल. म्हणजे बाराच्या आत न्हाण येणाऱ्या मुली तेव्हाही होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेचं सतरा वर्षांचं सरासरी वय नेहमी सांगितलं जातं, पण ते मोजक्या, बहुधा गरीब बायकांच्या आठवणींवर बेतलेलं होतं. आजीचं पंधरावं वर्ष हा काही निसर्गाचा नियम नव्हता. त्यात भुकेचाही वाटा होता.

*

2020 मध्ये मात्र असं काही घडलं की रसायनं आणि पिढ्यांचा हिशेब अपुरा पडला. टाळेबंदीनंतर इटलीतल्या डॉक्टरांनी अकाली वयात येणाऱ्या मुली वाढल्याचं कळवलं, आणि मग देशोदेशीहून तशाच बातम्या आल्या. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या बालसंप्रेरक विभागानं टाळेबंदीआधीच्या आणि नंतरच्या सारख्याच कालावधीची तुलना केली: या तक्रारीनं येणाऱ्यांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आतून पाच टक्क्यांच्या वर गेलं. इतक्या कमी काळात जनुकं बदलत नाहीत. घरात कोंडलेल्या मुलींची वजनं वाढली, झोपेची वेळ सरकली, मैदान सुटलं, स्क्रीन वाढला, घरातली भीती आणि भांडणं चोवीस तास कानावर पडू लागली. यातलं नेमकं काय किती, हे वेगळं करणं अवघड. अंकारातल्या संशोधकांनी 18 मादी उंदरांवर निळा प्रकाश टाकला, त्यांना लवकर वयात आणलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी मोबाइलला दोषी ठरवून टाकलं. अठरा उंदरांच्या खांद्यावर एवढं ओझं जरा जास्तच झालं.

मला यातला ताणाचा धागा महत्त्वाचा वाटतो, कारण तो इथेच सुटत नाही. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींत आणि विस्कटलेल्या घरांत वाढलेल्या मुलींत पाळी लवकर येण्याकडे कल असल्याचं अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. दत्तक मुलींनी उपासमार सोसली तशी ताटातूटही सोसली होती. म्हणून आहाराचा तक्ता देणाऱ्या डॉक्टरनं घरात कोण कोण राहतं, हेही विचारावं. त्या दिवशी तसं विचारलं गेलं, आणि आई काही क्षण गप्प राहिली.

*

मुलीच्या डाव्या हाताचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला गेला. बोटांच्या हाडांच्या टोकाशी काळ्या रेघा दिसत होत्या. तिथे हाड अजून वाढतं आहे, असा त्यांचा अर्थ. शेजारी ग्रॉइलिक आणि पाइल यांचा ॲटलास, त्यात ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या मुलांचे 1930 आणि 40च्या दशकांतले हात. पुण्यातल्या मुलीचा हात शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मुलींशी पडताळून पाहतात आणि हाडांचं वय सांगतात. हिचं निघालं दहा. इस्ट्रोजेन आधी उंचीला झपाट्यानं रेटतं आणि मग या रेघा बुजवून टाकतं, त्यामुळे वर्गात सगळ्यात उंच असलेली चौथीतली मुलगी दहावीत पहिल्या रांगेत उभी राहू शकते. पुढचे धोकेही आहेत. पहिली पाळी एक वर्ष लवकर आली तर स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो, असं मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे.

पण इंजेक्शन प्रत्येकीला नाही. आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर त्याला अकाली म्हणतात; सहाच्या आत झाली तर उपचारानं उंची वाचते, आठच्या आसपास झाली तर फायदा फारसा नसतो. मुलग्यांत सीमा नऊची, आणि तिथे मेंदूत गाठ वगैरे कारण सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून मुलगा असेल तर थांबायचं नाही. मुलींत बहुतेकदा कारण सापडतच नाही. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं ते इंजेक्शन वर्षानुवर्षं घेणं अनेक घरांना जड जातं. ते मुलीला नक्की कशासाठी देतो आहोत, उंचीसाठी की आपल्या भीतीसाठी, हे डॉक्टरांना दर वेळी स्वतःला विचारावं लागतं.

भीती खोटी नाही. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झाली होती, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. जिथे ‘पोर मोठी दिसायला लागली’ हेच शाळा सोडवायला पुरेसं कारण असतं, तिथे ती दोन वर्षं आधी मोठी दिसली तर काय, हे सांगायला अभ्यास लागत नाही. शरीर तेराचं, डोकं नऊचं. पण रस्त्यावरचा पुरुष डोक्याशी बोलत नाही. आणि आपली व्यवस्था? जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी अस्मिता योजना 2018 मध्ये आली. चांगली योजना, पण वयाची अट होती 11 ते 19. राज्य मंडळाच्या पुस्तकात मासिक पाळीची सविस्तर माहिती येते दहावीच्या विज्ञानात. लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम 2007 मध्ये आमदारांच्या गदारोळात राज्यानं थांबवला, तेव्हा संस्कृती वाचवल्याचं समाधान सभागृहात पसरलं होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आता कॉलेजात गेल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. इंजेक्शन नको, सहा महिन्यांनी उंची मोजायला या, रात्री दहाला दिवा बंद, रोज तासभर खेळ.

“पण मॅडम, हिला आत्ताच काय सांगायचं? एवढीशी आहे.”

“मला माहितीय,” मुलगी म्हणाली. “आमच्या वर्गात दोघींना आलीय. बाई त्यांना खो-खोला घेत नाहीत. मला पण बसायला लागणार का?”

आई लेकीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी लेटरहेडचा कोरा कागद पुढे ओढला, शाळेचं नाव विचारलं आणि मुख्याध्यापिकांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली: पाळी आलेल्या मुलींना खो-खो खेळायला वैद्यकीय दृष्ट्या कोणतीही हरकत नाही.